ट्युलिपचे कंद: निवड, लावणी, आणि दुसऱ्या वर्षी फूल का येत नाही

खुरपं

वसंतात फुलणाऱ्या वाफ्यासाठी ट्युलिप लावणाऱ्यांकरता हा धागा. कंदाच्या निवडीपासून सुरुवात करतो, कारण निवड चुकली तर ती नंतर खतपाण्याने भरून निघत नाही. विक्रीला येतो तेव्हाच कंदाच्या पोटात फूल तयार असतं. कंद जमिनीतून काढून साधारण १७ ते २० अंश सेल्सिअसला कोरडे साठवतात, त्या काळात ते घडतं. शंका आली तर एक कंद ब्लेडने उभा चिरून बघा. मधल्या कोंबात पानांच्या घड्या आणि त्यांच्या आत सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, मधोमध तीन कोनांचा स्त्रीकेसर भिंगाखाली नीट दिसतो. हा भाग तपकिरी पडून सुकलेला असेल तर त्या खोक्यातल्या बाकी कंदांचाही भरवसा धरू नका.

आकार परिघावर मोजतात. पाकिटावर १२/+ लिहिलं असेल तर परीघ १२ सेंमी किंवा जास्त, म्हणजे व्यास साधारण ३.८ सेंमी. मोठ्या फुलांच्या जातींसाठी हाच आकार घ्यावा. ११/१२ चालतो, पण फूल थोडं लहान येतं. १०/११ च्या खाली गेलात तर काही कंद नुसतं एक रुंद पान काढतात आणि थांबतात. रानटी जातींना हा नियम लागू नाही, त्यांचे कंद ५ ते ७ सेंमी परिघाचेच असतात आणि तेवढ्यावर व्यवस्थित फुलतात.

हातात घेतल्यावर कंद आकाराच्या मानाने जड आणि टणक लागला पाहिजे. वरची तपकिरी साल फाटली किंवा निघून आली तरी बिघडत नाही, उलट आतला पांढरा भाग तपासता येतो. सालीवर निळसर-हिरवी बुरशी वरवर असेल तर कोरड्या फडक्याने पुसून टाका, तिने सहसा नुकसान होत नाही. मात्र बूड दाबून बघा. मुळ्या फुटतात ती चकती मऊ असेल, करड्या-तपकिरी डागाभोवती कडा दिसत असेल किंवा आंबूस वास येत असेल तर ती फ्युझेरियम या बुरशीची कूज आहे. असा कंद लगेच बाजूला करावा, कारण तो इथिलीन वायू सोडतो आणि त्या वायूने शेजारच्या धडधाकट कंदांच्या पोटातली फुलं मरतात. बाहेरून कंद ठणठणीत दिसतात आणि वसंतात कळी कागदासारखी वाळून निघते.

---

सहा_पाकळ्या

छान सुरुवात. जातींबद्दल मी लिहिते.

बागायती ट्युलिपचे १५ गट मानले जातात. सगळे पाठ करायची गरज नाही, तीनच गोष्टी बघायच्या: फुलायची वेळ, उंची, आणि जात दुसऱ्या वर्षी टिकते का.

सर्वांत आधी कॉफमानियाना आणि फॉस्टेरियाना. कॉफमानियाना बुटका, १५ ते २५ सेंमी, उन्हात फूल सपाट उघडतं. फॉस्टेरियानातला पांढरा 'प्युरिसिमा' वाफ्यात सर्वांत विश्वासाचा. साधारण त्याच सुमाराला ग्रेगी, याची पानं जांभळट रेघांची, त्यामुळे फूल नसतानाही वाफा रिकामा दिसत नाही ('रेड रायडिंग हूड' बघा). मग एकेरी आणि दुहेरी लवकर फुलणारे. मधल्या काळात ट्रायम्फ, ४० ते ५० सेंमी, जाड देठाचे, वाऱ्यात उभे राहणारे. रंगांची सर्वांत मोठी निवड याच गटात आहे. 'प्रिन्सेस आयरीन' हा केशरीवर जांभळ्या ज्वाळांचा ट्रायम्फ नवख्यानेही डोळे मिटून घ्यावा. त्याच्या पाठोपाठ डार्विन हायब्रिड, ५० ते ६० सेंमी, मोठं फूल, 'आपेलडोर्न' हा यांतला जुना खंबीर लाल.

शेवटी लिली-फ्लॉवर्ड (टोकदार, बाहेर वळलेल्या पाकळ्या, 'बॅलेरिना' सुगंधीही), कातरलेल्या कडांचे फ्रिंज्ड, हिरव्या पट्ट्याचे व्हिरिडिफ्लोरा, पॅरट, दुहेरी उशिरा फुलणारे आणि एकेरी उशिरा फुलणारे. 'क्वीन ऑफ नाइट' या शेवटच्या गटातला, जवळजवळ काळा वाटणारा गर्द जांभळा.

पॅरट आणि दुहेरी उशिराचे यांची फुलं जड असतात. पावसात पाणी धरून देठ वाकतात, मोडतातही. त्यांना भिंतीच्या किंवा कुंपणाच्या आडोशाची जागा द्या. व्हिरिडिफ्लोराची फुलं मात्र इतरांपेक्षा जास्त दिवस टिकतात, हे फार जणांना माहीत नसतं.

एकाच वाफ्यात लवकरचा, मधला आणि उशिराचा असे तीन गट लावले तर बहर महिन्याहून जास्त चालतो. एकच गट लावला तर हवेनुसार एक ते दोन आठवड्यांत सगळं आटोपतं. थंड हवेत फूल टिकतं, तापमान २० अंशांच्या वर गेलं की भराभर संपतं.

---

गादीवाफा

लावणी.

वेळ: जमिनीत १५ सेंमी खोलीवर तापमान १३ अंशांच्या खाली उतरेपर्यंत थांबा. उत्तर गोलार्धात थंड प्रदेशात हे साधारण ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, सौम्य हवेत डिसेंबरही. दक्षिण गोलार्धात एप्रिलअखेर ते जून. डॅफोडिल आणि क्रोकस लवकर लावलेले बरे, ट्युलिप मात्र शेवटी. उबदार ओल्या मातीत फ्युझेरियम जोरात असतो आणि कंदाची मुळं मात्र थंडीशिवाय नीट सुटत नाहीत, म्हणजे कंद नुसता पडून कुजायची वाट बघतो. जमीन गोठणाऱ्या ठिकाणी गोठण्याआधी सहाएक आठवडे मुळांना मिळतील असा हिशेब धरा.

जागा: दिवसाला किमान सहा तास ऊन. पानझडी झाडाखाली चालतं, कारण वसंताच्या सुरुवातीला ते झाड उघडंच असतं. मातीचा सामू ६ ते ७. गेल्या तीन वर्षांत जिथे रोगट ट्युलिप होते ती जागा टाळा.

खोली: कंदाच्या उंचीच्या तिप्पट. ५ सेंमी उंचीच्या कंदाचं बूड जमिनीखाली १५ ते २० सेंमीवर, म्हणजे टोकावर १० ते १५ सेंमी माती. रानटी जातींना १० सेंमी पुरे.

अंतर: १५ सेंमीवर लावले तर चौरस मीटरला ४४ कंद बसतात, १२ सेंमीवर ६९, १० सेंमीवर १००. एकाच हंगामासाठी भरगच्च वाफा हवा असेल तर १० ते १२, कंद जमिनीतच ठेवायचे असतील तर १५. कंद एकमेकांना टेकू देऊ नका, एकाची कूज दुसऱ्याला लागते.

एकेक खड्डा घेण्यापेक्षा वाफ्याची २० सेंमी माती एका बाजूला ओढून घ्या. तळ काट्याने आणखी १० सेंमी सैल करा. कंद ठेवा, हलक्या हाताने दाबा. खूप दाबलं तर बुडाची चकती दुखावते. माती परत ढकला आणि एकदा भरपूर पाणी द्या, मुळं सुटायला ते लागतं. त्यानंतर माती अगदीच कोरडी पडली तरच पाणी.

ताजं शेणखत अजिबात नको. पूर्ण कुजलेलं कंपोस्ट मातीत मिसळलेलं चालेल. पहिल्या वर्षीच्या फुलाला लागणारं अन्न कंदातच असतं.

---

चिकणमाती

माती भारी असेल तर प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी मूठभर वाळू घालायचा सल्ला सगळीकडे असतो. तो कितपत बरोबर?

---

गादीवाफा

नुसत्या खड्ड्यात वाळू घालणं भारी मातीत उलटं पडू शकतं. भोवतालची चिकणमाती पाणी सोडत नाही, त्यामुळे आजूबाजूचं पाणी त्या सैल खड्ड्यात येऊन साठतं आणि कंद त्यातच बसतो. वाळू किंवा खडी घालायची तर पूर्ण वाफ्यात, २५ ते ३० सेंमी खोलीपर्यंत मिसळून. खडी ३ ते ६ मिलिमीटरची घ्या. बारीक वाळूने चिकणमाती आणखी घट्ट होते.

त्याहून सोपा आणि खात्रीचा उपाय म्हणजे वाफा १५ ते २० सेंमी उंच करणं. मग कंद मूळ जमिनीच्या पातळीच्या जरा वरच राहतो आणि जास्तीचं पाणी बाजूने निघून जातं. भारी मातीत खोलीही १२ सेंमीपर्यंत कमी केली तर चालते.

निचरा तपासायचा असेल तर ३० सेंमी खोल खड्डा पाण्याने भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही दिसत असेल तर त्या जागी उंच वाफ्याशिवाय ट्युलिप लावू नका.

---

पाचोळा

कंद उलटा किंवा आडवा पडला तर? शेकड्याने लावताना प्रत्येकाचं टोक बघणं अवघड जातं.

---

खुरपं

आडवा पडलेला कंद फुलतो. उलटा पडला तरी कोंब वळून वर येतो, पण त्यात शक्ती खर्च होते, फूल उशिरा आणि आखूड देठाचं येतं. त्यामुळे टोक वर ठेवावंच.

एक बारीक गोष्ट: ट्युलिपच्या कंदाची एक बाजू चपटी असते. पहिलं, सर्वांत मोठं पान त्याच बाजूने निघतं. कुंडीत चपटी बाजू कडेकडे ठेवली तर मोठी पानं बाहेर झुकतात आणि मध्यभागी फुलांना जागा मोकळी राहते. मोठ्या वाफ्यात याचा विचार करायची गरज नाही.

---

मातीचं_भांडं

कुंडीबद्दल भर घालते.

३० सेंमी व्यासाच्या कुंडीत १२ ते १५ मोठे कंद, दोघांत दोन-तीन सेंमी अंतर. खोली किमान ३० सेंमी हवी. मिश्रणात तीन भाग पॉटिंग मिक्स आणि एक भाग बारीक खडी. तळाची छिद्रं मोकळी राहायला हवीत आणि कुंडी विटेच्या तुकड्यांवर उचलून ठेवायची, म्हणजे पाणी तुंबत नाही.

थरांची लावणीही छान जमते: सर्वांत खाली २० सेंमीवर ट्युलिप, मध्ये १२ ते १५ सेंमीवर बुटके डॅफोडिल, वर ८ सेंमीवर क्रोकस. खालचे कोंब वरच्या कंदांना वळसा घालून बाहेर येतात. फक्त प्रत्येक थरात कंदांची संख्या थोडी कमी करा.

कडाक्याच्या थंडीत कुंडीला जमिनीपेक्षा जास्त धोका असतो, कारण गारठा बाजूनेही आत शिरतो. पूर्ण मातीचा गोळा घट्ट गोठला तर मुळं मरतात. कुंड्या भिंतीलगत एकत्र करून बाजूने गोणपाट गुंडाळा किंवा न तापवलेल्या खोलीत हलवा. आणि ओल तपासत राहा. थंडीत विसरलेल्या कोरड्या कुंडीत मुळं वाढत नाहीत आणि मग कळ्या अर्ध्यावर सुकतात.

---

सौम्य_हिवाळा

जिथे हिवाळ्यात पुरेशी थंडी पडत नाही त्यांच्यासाठी हा धागा थोडा अपुरा आहे. कंद फ्रिजमध्ये ठेवून थंडी देण्याचा विषय कुणीतरी नीट मांडा.

---

सहा_पाकळ्या

मांडते. मोठ्या फुलांच्या ट्युलिपला ९ अंशांच्या खाली १२ ते १६ आठवडे लागतात. ही थंडी मिळाली नाही तर फूल आतल्या आत जळतं किंवा देठ लांबतच नाही आणि फूल पानांच्या बेचक्यात, जमिनीला टेकून उघडतं. देठाची लांबी थंडीच्या आठवड्यांवर अवलंबून असते, खतावर नाही.

फ्रिजमध्ये २ ते ७ अंश ठीक. कंद कागदी पिशवीत किंवा जाळीच्या पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये बंद करू नका, घामेजतात. सफरचंद, केळी, नासपती अशी पिकणारी फळं त्या फ्रिजमध्ये ठेवू नका. वर खुरपं यांनी सांगितलेला इथिलीन फळांतूनही येतो आणि बंद फ्रिजमध्ये तो साठून राहतो. फ्रीझरमध्ये कंद मरतो.

सुरुवात उलट मोजून ठरवा. तुमच्याकडे जमीन सर्वांत थंड कधी असते ते बघा आणि त्याआधी १२ ते १४ आठवडे कंद आत जायला हवेत. बाहेर काढले की त्याच दिवशी लावा. आठवडाभर उबदार खोलीत राहिले तर मिळालेल्या थंडीचा परिणाम उतरायला लागतो. लावल्यावर वर पाचोळ्याचं ५ सेंमी आच्छादन घाला, माती गार राहते. अशा हवेत दुपारचं ऊन टाळणारी, सकाळचं ऊन घेणारी जागा बरी.

दुसरा मार्ग म्हणजे कंद कुंडीत लावून, पाणी देऊन, पूर्ण कुंडीच ४ ते ९ अंशांना १२ ते १६ आठवडे ठेवणं. यात मुळंही त्याच काळात वाढतात, म्हणून निकाल जास्त चांगला. कोंब पाच सेंमी झाले की १५ ते १८ अंशांच्या उजेडाच्या जागी आणायचं. तीन-चार आठवड्यांत फूल येतं.

विक्रेत्याने आधीच थंड केलेले कंद दिले असतील तर किती आठवडे थंड केले ते विचारून घ्या, उरलेलेच आठवडे तुम्ही द्यायचे.

आणि या सगळ्यात पडायचं नसेल तर ट्युलिपा क्लुसियाना किंवा ट्युलिपा सॅक्सॅटिलिस लावा. सौम्य हिवाळ्यातही टिकणाऱ्या या जाती आहेत. फुलं छोटी, पण दरवर्षी येतात.

---

पाचोळा

खारी आणि उंदरांचं काय करावं? मिरचीपूड, लसूण, केस असे उपाय वाचले.

---

चिकणमाती

पावसाने धुऊन जाणारं काहीही एका आठवड्यापलीकडे कामाचं नाही. जाळीच घाला. खारी वरून उकरतात, म्हणून लावणी झाल्यावर मातीवर किंवा मातीखाली दोन-तीन सेंमीवर तारेची जाळी अंथरा, भोकं अडीच सेंमीची. कोंब त्यातून सहज निघतात. कडा विटांनी दाबून ठेवा. शेतउंदीर बिळं करून खालून येतात, त्यांच्यासाठी सव्वा सेंमी भोकांच्या जाळीची टोपली करून कंद तिच्यात बसवावे लागतात.

लावताना गळून पडलेल्या सालीचे तुकडे उचलून टाका, त्यांच्या वासावर खारी येतात. बोनमीलनेही (हाडांच्या चुऱ्याचं खत) कुत्री आणि इतर प्राणी उकरायला लागतात, आणि पहिल्या वर्षी त्याची गरज नसतेच.

डॅफोडिलचा कंद विषारी असल्याने उंदीर तो खात नाहीत. पण भोवती डॅफोडिल लावले म्हणून मधले ट्युलिप वाचतील हा भरवसा धरू नका.

---

मातीचं_भांडं

रोगांबद्दल थोडं. कोंब वर येतानाच वाकडा, तपकिरी, करपल्यासारखा दिसला आणि दमट हवेत त्यावर राखाडी लव आली तर तो बोट्रायटिस ट्युलिपी, म्हणजेच ट्युलिप फायर. शेजारच्या पानांवर आणि पाकळ्यांवर बारीक पाणचट ठिपके पडतात आणि पसरतात. फवारणीच्या मागे लागू नका. तो कोंब कंदासकट, भोवतालच्या मातीसह काढा आणि कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. बुरशीच्या काळ्या, मोहरीएवढ्या गाठी मातीत टिकून राहतात, म्हणून त्या जागी तीन वर्षं ट्युलिप नको. दाट लावणी, जास्त नत्र आणि संध्याकाळी पानांवरून पाणी देणं यांनी हा रोग वाढतो.

---

पाचोळा

एकरंगी जातीत अचानक एखादं फूल पांढऱ्या-लाल रेघांचं आलं तर ते ठेवावं का? दिसायला फार सुंदर असतं.

---

सहा_पाकळ्या

काढून टाका, कितीही सुंदर दिसलं तरी. तो विषाणू आहे, माव्याने पसरतो. १६३७ मध्ये हॉलंडमध्ये कोसळलेल्या ट्युलिपच्या बाजारात सर्वांत महाग होते ते असेच रेघांचे कंद, 'सेम्पर ऑगस्टस' त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. रेघांचं कारण विषाणू आहे हे १९२०च्या दशकाअखेर डोरोथी केली यांच्या प्रयोगांतून उघड झालं. असे कंद पिढीगणिक दुबळे होत जातात आणि बाकी वाफ्यालाही लागण करतात. रेघा हव्या असतील तर मूळचेच रेघांचे, निरोगी वाण घ्या, वर सांगितलेला 'प्रिन्सेस आयरीन' त्यांतलाच.

---

सौम्य_हिवाळा

शीर्षकातला दुसऱ्या वर्षीचा प्रश्न राहिला.

---

खुरपं

हो, तो मुद्दाम शेवटी ठेवला होता. डॅफोडिलचा कंद वर्षानुवर्षं तोच राहून वाढतो. ट्युलिपचं तसं नाही. लावलेला कंद फूल देताना स्वतः पूर्ण संपतो आणि त्याच्या जागी दोन-चार नवे कंद तयार होतात. पुढच्या वर्षी फूल येणार की नाही हे त्यांतला सर्वांत मोठा केवढा झाला यावर ठरतं. तो छोटा राहिला तर एकच रुंद पान येतं, फूल नाही.

म्हणून फूल संपल्यावरचे सुमारे सहा आठवडे सर्वांत महत्त्वाचे. पाकळ्या गळल्या की वरचं बोंड तेवढं खुडा, नाहीतर अन्न बियांत जातं. देठ आणि पानं हिरवी राहू द्या. त्यांना गाठी मारू नका, वेण्या घालू नका, पानांना ऊन मिळायला हवं. कंद टिकवायचे असतील तरच खत: कोंब पाच सेंमी असताना संतुलित खत, आणि फुलानंतर पालाश जास्त असलेलं. तोपर्यंत माती ओलसर ठेवा. पानं अर्धी पिवळी पडली की पाणी थांबवा.

मग जमिनीला उन्हाळाभर कोरडेपणा हवा. ट्युलिप मध्य आशियातल्या डोंगरांतून आला आहे, तिथे हिवाळा कडक आणि उन्हाळा कोरडा असतो. उन्हाळ्यात पाऊस पडतो किंवा त्या वाफ्यात हंगामी फुलझाडांना रोज पाणी दिलं जातं, तिथे कंद जमिनीत ठेवू नका. काढा, सावलीत वाळवा, आकाराने वेगळे करा, जाळीच्या पिशवीत हवेशीर जागी १८ ते २० अंशांना टांगा. मोठे पुन्हा वाफ्यात, छोटे कोपऱ्यात वाढवायला.

इतकं करायची तयारी नसेल तर ट्रायम्फ, पॅरट, दुहेरी जाती एका हंगामापुरत्या लावाव्यात असं माझं ठाम मत आहे. दरवर्षी यावेत असे हवे असतील तर डार्विन हायब्रिड, फॉस्टेरियाना, कॉफमानियाना, ग्रेगी आणि ट्युलिपा टार्डासारख्या रानटी जाती निवडा.

---

गादीवाफा

एक जोड: कंद हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला. कंदातल्या ट्युलिपॅलिनने बोटांच्या टोकांना खाज आणि भेगा पडतात, आणि ते विनाइलच्या मोज्यातून आत जातं. कुत्र्या-मांजरांनाही कंद विषारी आहे, उरलेले कंद उघड्यावर ठेवू नका.

---

पाचोळा

उरलेल्यावरून आठवलं, हंगाम जवळजवळ संपला आणि पिशवीभर कंद राहिले तर पुढच्या वर्षासाठी ठेवता येतात का?

---

खुरपं

नाही, वर्षभरात आतून वाळून जातात. टणक असतील तर भर हिवाळ्यातही लावून टाका, जमिनीत खुरपं शिरतंय तोवर. देठ आखूड आणि बहर दोन-तीन आठवडे उशिरा येईल. जमीन गोठली असेल तर कुंडीत लावा आणि कुंडी थंड खोलीत ठेवा.